उशी धुवायची कशी आणि मुंबईत वाळवायची कुठे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उशी धुणं हे तासाभराचं काम. ती वाळवणं मुंबईत दोन दिवसांचं, आणि चुकीच्या महिन्यात हात घातलात तर आठवडाभराचं. इमारतीतल्या काकू, नात्यातल्या सुना आणि हल्ली नोकरीसाठी एकटे राहणारे भाचे मला जे जे विचारतात, ते इथे एका ठिकाणी लिहून ठेवलं आहे.

अभ्रे मी दर आठवड्याला धुते. मग उशी वेगळी कशाला धुवायची?

अभ्रा काढा आणि उशी खिडकीच्या उजेडात धरा. मधोमध चहा सांडल्यासारखं पिवळं वर्तुळ दिसेल. घाम, लाळ आणि डोक्याचं तेल अभ्र्यातून झिरपून खोळीत आणि पुढे आतल्या कापसात जातं. त्यात डोक्याचा कोंडा आणि मेलेली कातडी. मुंबईत वर्षातले आठ-नऊ महिने आपण घामाघूम होऊनच झोपतो, त्यामुळे इथे हे सगळं लवकर साठतं.

मी पहिल्यांदा उशी टबात बुडवली तेव्हा पाण्याला बिनदुधाच्या चहाचा रंग आला होता. दुसऱ्या पाण्यालाही. तिसरं पाणी जरा लिंबू सरबतासारखं. आणि अभ्रे मात्र न चुकता दर रविवारी धुतलेले!

माझी उशी कशाची आहे, हे कसं ओळखायचं?

हे आधी ठरवा, कारण एका उशीला जे चालतं त्याने दुसरी कायमची जाते.

शिवणीत कापडी पट्टी असेल तर ती वाचा. टबाचं चित्र असेल तर धुता येते, टबावर फुली असेल तर नाही. टबात आकडा असेल तर तितक्या अंशांपर्यंतचं गरम पाणी चालतं.

पट्टी नसेल (आणि आपण ती बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी कापून टाकलेली असते) तर हाताने बघा. दाबून सोडली की लगेच फुगते आणि वजनाला हलकी आहे, तर ती फायबरची, म्हणजे पॉलिस्टरची. दुकानदार सरसकट सगळ्यांना ‘रेक्रॉन’ म्हणतात. दाबलं की खड्डा राहतो आणि उचलताना मनगटाला जाणवते, ती कापसाची. हाताचा ठसा उमटतो आणि सावकाश भरून येतो, तो मेमरी फोम. रबरासारखी उसळते आणि अंगभर बारीक भोकं आहेत, ती लेटेक्सची. आणि आकाराने मोठी असून पिसासारखी हलकी, आतला कापूस रेशमासारखा चिमटीतून निसटतो, ती सावरीची. कोकणातून आलेल्या घरांत अशी एखादी उशी अजून सापडते.

तरीही शंका असेल तर कोपऱ्याची दोन बोटं शिवण उसवा, आतला एक पुंजका काढा, चिमट्यात धरून सिंकवर काडीने पेटवा. कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर कापूस. वितळून कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर. खिडकी उघडी ठेवा, आणि पुंजका नखाएवढाच घ्या.

वर्षातून किती वेळा धुवायची? आणि कधी?

फायबरची उशी वर्षातून दोनदा धुतली तरी पुष्कळ. डोक्याला रोज तेल लावणारं किंवा फार घामटं कोणी घरात असेल तर तीनदा.

‘कधी’ला मुंबईत जास्त महत्त्व आहे. हवामान खात्याच्या हिशोबाने पाऊस इथे ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या चार महिन्यांत उशी पाण्यात घालू नका. नवरात्रात घट बसण्याआधी घरातलं अंथरूण-पांघरूण धुवायची आपली पद्धत आहे. ती गावाकडे, नदीकाठच्या कातळावर गोधड्या पसरणाऱ्यांना सोयीची होती. मुंबईत त्या दिवसांत हमखास एक तरी सर येते. म्हणून मी घटांआधी चादरी, अभ्रे, पांघरुणं उरकते आणि उशा दसऱ्यानंतर काढते. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे शिव्या घालतात, पण उशीला त्यासारखं ऊन नाही. दुसरी धुणी मार्च-एप्रिलमध्ये, मुलांच्या परीक्षा संपल्या की.

फायबरची उशी वॉशिंग मशीनमध्ये कशी धुवायची?

आधी शिवण तपासा. कुठे टाका सुटलेला असेल तर सुई-दोरा घेऊन तिथल्या तिथे शिवा. मशीनमध्ये उशी फाटली तर आतलं फायबर पाण्याच्या वाटेत अडकतं आणि मग मेकॅनिक येऊन आपल्यालाच चार शब्द ऐकवून जातो.

दोन उशा एकत्र घाला. एकच घातली तर ओली उशी ड्रमच्या एका बाजूला जाऊन बसते आणि पिळायच्या वेळी मशीन स्वयंपाकघरभर चालायला लागतं. तीन घालू नका, पाणी मधोमध पोचत नाही. पुढून उघडणारं मशीन या कामाला बरं. वरून उघडणाऱ्यात उशा उभ्या, समोरासमोर ठेवा, आणि अधूनमधून थांबवून उलटा. त्या तरंगतात आणि वरची बाजू कोरडीच राहते.

साबण द्रव घ्या आणि दोन उशांना मिळून एक मोठा चमचा. इथेच सगळे चुकतात. उशी मळकी दिसते म्हणून झाकणभर साबण ओततात, मग तो आत अडकतो, वाळल्यावर उशी चरचरीत लागते आणि घाम आला की मानेला खाज सुटते. पावडर तर नकोच, तिचे कण आत विरघळायचे राहतात. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव्यही घालू नका, त्याचा थर फायबरवर बसतो आणि उशी लोळागोळा होते.

पाणी ४० अंश. घरात कोणाला धुळीची ॲलर्जी असेल आणि पट्टीवर परवानगी असेल तर ६०. खळबळणं दोनदा, पिळणंही दोनदा. पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही, तो फक्त धाग्यांच्या मधल्या फटींत पाणी धरून ठेवतो. मशीनने ते जितकं बाहेर फेकलं तितकं तुमचं ऊन वाचलं.

तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर साबणाला फेस कमी येईल, कारण ते पाणी जड असतं. पालिकेचं, सात तलावांमधून येणारं पाणी हलकं. उशा शक्यतो नळाच्या पाण्यातच धुवा.

मशीन नाही, आणि पाणी सकाळी दीड तासच येतं. हाताने जमेल?

जमेल, पण एका दिवशी एकच उशी. आदल्या रात्री पिंप भरून ठेवा. टबात कोमट पाणी, चमचाभर साबण, त्यात उशी दाबून बुडवा आणि अर्धा तास सोडा. मग पायाने तुडवा. हसू नका, हाताने इतका जोर लागत नाही. घासायचं अजिबात नाही, नुसतं दाबायचं आणि सोडायचं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार पाणी लागतील.

पिळताना मात्र चादरीसारखा पीळ घालायचा नाही, आतलं फायबर तुटून गोळे होतात. बाथरूमच्या लादीवर आडवी ठेवून गुडघ्याने दाबा, मग नळावर तासभर निथळत ठेवा. शेवटी जुन्या पंच्यात गुंडाळून त्यावर बसा.

वाळवायची कशी? माझी उशी तिसऱ्या दिवशी वास मारायला लागते.

म्हणजे ती वाळलीच नव्हती. बाहेरून कुरकुरीत, आतून ओली, ही मुंबईतल्या उशीची नेहमीची फसवणूक.

मी यासाठी एक उपाय काढला आहे आणि मला त्याचा जरा गर्वच आहे. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा असतो ना, त्यावर धुण्याआधी उशी तोला आणि आकडा लिहून ठेवा. माझी एक उशी कोरडी असताना ७२० ग्रॅम भरते. पहिल्या दिवसाचं पूर्ण ऊन खाऊन ती इतकी छान लागत होती की मी अभ्रा चढवायला घेतला होता. काट्यावर ८६० ग्रॅम! म्हणजे अर्धा पेला पाणी अजून पोटात. तेच पाणी अभ्र्यात कोंडलं की तिसऱ्या दिवशी कुबट वास. काटा नसेल तर उशी मधोमध घट्ट दाबून गालाला लावा. आत ओल असेल तर गार लागते.

गच्ची मिळत असेल तर सकाळी आठला नेऊन घाला. जुनी चादर खाली, उशी वर, एका चादरीत सहा उशा नकोत, चारही बाजूंनी हवा खेळली पाहिजे. दर दोन तासांनी उलटायची, आणि उलटताना दोन्ही हातांत धरून झटकायची, गोळे हाताने फोडायचे. चारच्या आत खाली आणा. संध्याकाळी हवेत दमटपणा वाढला की वाळलेली उशी पुन्हा ओल ओढते. रात्री पंख्याखाली, दुसऱ्या दिवशी परत वर.

गच्ची नसेल तर खिडकीची ग्रिल. कबुतरांपासून जपा, उशीवर जुनी पातळ ओढणी टाका, ऊनही लागतं आणि वरचा प्रसादही टळतो. दोरीवर उशी एका टोकाने टांगू नका, सगळं फायबर खाली उतरतं आणि उशीचं गाठोडं होतं. खुर्चीच्या दोन पाठी समोरासमोर ठेवून त्यांवर आडवी ठेवलेली बरी.

सोसायटी गच्चीची चावी देत नाही, हा रडगाणं गाण्याचा विषय आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे अर्ज लिहून चावी घ्यावी लागायची. ‘उशा वाळवणे’ हे कारण वाचून समितीतले एक गृहस्थ म्हणाले, ‘‘ताई, पापड लिहा, पापडाला कोणी नाही म्हणत नाही.’’ तेव्हापासून मी पापडच वाळवते.

ड्रायर वापरला तर?

फायबरच्या उशीला चालतो. कमी उष्णता, आणि सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू घाला. ते उशीला बडवत राहतात आणि गोळे फुटतात. मुलांचे गल्ली क्रिकेटचे चेंडू नकोत, किंवा आधी स्वच्छ धुऊन घ्या. दर अर्ध्या तासाने काढून दाबून बघा. फोम आणि लेटेक्स ड्रायरमध्ये कधीही नाही.

भर पावसाळ्यात मुलाने उशीवर उलटी केली. आता?

मग इलाज नाही, धुवा. पण बुडवण्याआधी बघा की घाण कुठवर गेली आहे. खोळीपुरतीच असेल तर शिवण उसवून आतलं फायबर कोरड्या पिशवीत काढा आणि फक्त खोळ धुवा. खोळ पंख्याखाली एका रात्रीत वाळते. परत भरून शिवायला पंधरा मिनिटं.

पूर्ण उशीच धुवायची असेल तर किलोवर कपडे धुणाऱ्या, ड्रायर असलेल्या लाँड्रीत न्या. मी एकदा जुलैत हट्टाने घरी धुतली होती. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात, बाहेर संततधार. चार दिवस पंखा, मग इस्त्री, मग केस वाळवायचं यंत्र. पाचव्या दिवशी खोळीवर काळे ठिपके. उशी गेली, वर विजेचं बिल.

कापसाची उशी धुता येते का?

नाही. म्हणजे पाण्यात घालता येते, पण परत उशी म्हणून बाहेर येत नाही. कापसाचा तंतू पाणी पितो, फुगतो आणि एकमेकांत अडकतो. वाळेपर्यंत आत नारळाएवढा दगड तयार झालेला असतो आणि त्याच्या मधोमध ओल कुजत असते.

कापसाच्या उशीची रीत वेगळी आहे, आणि मला विचाराल तर जास्त शहाणपणाची. उशी उसवायची, कापूस काढायचा, खोळ गरम पाण्यात धुवायची. गादीपाटाची, म्हणजे गाद्यांच्या जाड कापडाची खोळ असेल तर ती चांगला मार सोसते. कापूस उन्हात पसरून दोन ऊनं खाऊ द्यायचा, वर मच्छरदाणी टाकून, नाहीतर तो पलीकडच्या इमारतीत जातो. मग पिंजून घ्यायचा.

चाळीत राहणाऱ्यांना पिंजारी आठवत असेल. खांद्यावर माणसापेक्षा उंच धनुकली, आणि अंगणात शिरताच तिच्या तातेवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, एक ठोका. ‘टंग’ ऐकलं की सगळ्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर यायची. तो कापसाच्या ढिगात तात बुडवायचा, मुठीतल्या लाकडाने तिच्यावर ठोकायचा, आणि थरथरत्या तातेने कापूस सुटा होऊन भुरभुरत वर यायचा. आम्ही मुलं नाकावर रुमाल धरून बघत बसायचो. सकाळी फळीसारखी असलेली उशी संध्याकाळी दुप्पट व्हायची. आता बहुतेक गादीवाल्यांकडे पिंजायचं यंत्र असतं. काम तेच, गंमत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. कापूस तोलून द्या आणि डोळ्यांदेखत पिंजून घ्या. थोडं वजन घटणारच, धूळ आणि चुरा झडतो. पण घरचा लांब धाग्याचा कापूस देऊन चिंध्यांचा पिंजलेला घेऊन येऊ नका. आणि उशी ठासून भरू नका. गादीवाला जास्त कापूस खपवायला बघतो आणि मान आपली अवघडते.

पिंजायची वेळ यायच्या आधी, दर महिन्याला एकदा उशी उन्हात टाका आणि काठीने बडवा. एवढ्यावर कापसाची उशी पुष्कळ वर्षं जाते.

सावरीची उशी?

काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलते, बोरिवलीच्या उद्यानात बघा. मग बोंडं उकलली की त्यांतून हा कापूस उडायला लागतो. तो आखूड, पोकळ आणि मेणचट असतो. म्हणून हलका, म्हणून थंड लागणारा, आणि म्हणूनच सूत काढायला निरुपयोगी. पाण्यात घातला तर भिजायलाच तयार नसतो, आणि घासून-दाबून भिजवलात तर चिकटून त्याचा लगदा होतो. पिंजाऱ्याकडेही देऊ नका, तातेच्या माराने त्याचा भुगा होतो.

उसवा, मोठ्या अभ्र्यात कापूस मोकळा भरा, तोंड बांधा, सकाळच्या उन्हात ठेवा आणि वरून हलक्या हाताने थापट्या मारा. खोळ धुवा, परत भरा. भरताना पंखा बंद. हे मी अनुभवाने सांगते. सासूबाईंची उशी भरताना कोणीतरी सवयीने बटण दाबलं, आणि देव्हाऱ्यातल्या गणपतीपासून फ्रिजच्या मागपर्यंत सावर मिळत राहिली, थेट दिवाळीपर्यंत.

मेमरी फोम?

बुडवू नका. फोम स्पंजासारखा पाणी पितो, ओल्या वजनाने फाटतो, आणि आतून वाळायला मुंबईत आठवडाही पुरत नाही. उन्हातही ठेवू नका, अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो आणि चुरा व्हायला लागतो. लेटेक्सचंही तेच. बाहेरची चेनची खोळ धुवा. फोमवर खायचा सोडा भुरभुरून दोन तासांनी व्हॅक्यूम क्लीनरने ओढा. डाग असेल तर तेवढाच ओल्या फडक्याने टिपा आणि सावलीत, पंख्याखाली वाळवा. मूळ फोम १९६६ साली नासाच्या कामातून निघाला, विमानाच्या आसनांसाठी. त्यात कोणी आमच्या घरच्यांसारखं तेल चोपडून झोपेल हा विचार तेव्हा झाला नसावा.

डाग कसे काढायचे? तेल, हळद, रक्त...

खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. त्यामुळे गार पाण्यात ते हलत नाही. डागावर भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब बोटाने चोळा, दहा मिनिटं थांबा, मग गरम पाणी.

रक्ताला याच्या बरोबर उलट. गरम पाणी लावलं की डाग पक्का बसतो. गार पाणी, आणि लवकर.

हळदीवर साबण लावला की डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नका, साबणाच्या क्षाराने हळदीचा रंग बदलतो एवढंच. धुऊन टाका आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडा. हळदीला प्रकाश सोसत नाही. दोन कडक उन्हांत डाग आपसूक फिकट होतो. लग्नघरातल्या अभ्र्यांसाठी याहून स्वस्त उपाय नाही. मेंदीचं मात्र तसं नाही, ती राहते. नवरीला जुना अभ्रा द्या.

घामाच्या जुन्या पिवळेपणासाठी क्लोरीन नसलेली डाग काढायची पावडर कोमट पाण्यात विरघळवून उशी दोन तास भिजवा, मग नेहमीसारखी धुवा. सगळं पांढरं होईल या आशेवर राहू नका.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र घालायचा व्हिडिओ पाहिला. उपयोग होतो?

फेस दिसतो, उपयोग शून्य. एक आम्ल, एक क्षार. दोघं एकमेकांना संपवतात आणि मागे जवळजवळ नुसतं पाणी उरतं. वापरायचे तर वेगवेगळे: सोडा वासासाठी, व्हिनेगर अर्धी वाटी शेवटच्या पाण्यात साबण निघायला.

एक मात्र कधीही करू नका. क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड, एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली बाथरूम किती मोठी असतात ते माहीतच आहे.

उशीला कुबट वास येतोय. खोळीवर काळे ठिपकेही आहेत.

नुसता वास असेल तर ऊन, दोन पूर्ण दिवस. ठिपके ही बुरशी. खोळीच्या बाहेरच असेल तर खोळ गरम पाण्यात धुवा किंवा बदला. आतल्या कापसाला पोचली असेल तर उशी टाका. अत्तर फवारून किंवा डांबरगोळी ठेवून वास झाकू नका. डांबरगोळ्यांचा तर उशीशी संबंधच नको, विशेषतः तान्ह्या बाळाच्या. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांच्या वाफेने फुटतात.

दम्यासाठी डॉक्टरांनी उशी ‘डस्ट माइट’पासून जपा सांगितलं. म्हणजे नक्की काय?

डोळ्यांना न दिसणारे किडे. माणसाची झडलेली कातडी खातात आणि हवेतल्या ओलाव्यावर जगतात. कोरड्या हवेत ते टिकत नाहीत, मुंबई त्यांना माहेरासारखी. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेने. ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात ते मरतात, म्हणून अभ्रे दर आठवड्याला त्या पाण्यात. उशीवर बारीक विणीची, चेनची खोळ चढवा, ती बाजारात ‘माइट-प्रूफ’ नावाने मिळते. दम्याचा माणूस घरात असताना उशी झटकायचं आणि बडवायचं काम गच्चीवर, आणि ते दुसऱ्याने करायचं. कापूस पिंजताना तर त्याला आसपास फिरकू देऊ नका.

मुलीच्या डोक्यात उवा झाल्या. उशी फेकू?

नको. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. अभ्रा गरम पाण्यात धुवा, उशी तीन दिवस बाजूला ठेवा. सगळं लक्ष डोक्याकडे द्या.

ढेकूण हे वेगळं प्रकरण. उशीच्या शिवणीत काळे बारीक ठिपके दिसले तर पलंगाच्या फटीही बघा. एकटी उशी धुऊन काही होणार नाही.

बाळाची मोहरीची उशी धुवायची कशी?

मोहरी काढून खोळ धुवायची. ओली मोहरी बुरसते, क्वचित मोड काढते. पण त्याआधी बालरोगतज्ज्ञांशी बोला. पहिल्या वर्षभर बाळाला कुठलीच उशी नको, सपाट आणि घट्ट गादीवर पाठीवर झोपवा, असं डॉक्टर सांगतात. आजींना हे पटवणं तुमच्यावर.

घरात पावसाचं पाणी शिरलं, उशा भिजल्या. वाचतील?

छतातून गळलेलं असेल तर वर सांगितल्याप्रमाणे करा. गटाराचं, रस्त्याचं पाणी असेल तर नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यांवरच्या कितीतरी घरांनी गाद्या-उशा वाळवून परत वापरायला घेतल्या. त्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत्र असतं, लेप्टोस्पायरोसिस त्यातूनच होतो. ती उशी हातमोजे घालून पिशवीत बांधा आणि कचऱ्यात द्या.

उशी बदलायची वेळ झाली हे कसं कळतं?

फायबरची उशी मधोमध दुमडा आणि सोडा. उघडली तर अजून आहे. तशीच पडून राहिली तर संपली, कितीही धुवा. रोजच्या वापरात दीड-दोन वर्षं धरून चाला. आतलं फायबर वाया घालवू नका, लोड-तक्क्यांत भरायला चालतं. आमच्या वॉचमनच्या खुर्चीत मागच्या वर्षीपासून माझीच एक उशी आहे.

नवी घेताना काय बघू?

दुकानात पोटावर धरून दाबून बघण्यात अर्थ नाही, सगळ्याच नव्या उशा मऊ असतात. उलटून शिवण बघा. टाके बारीक आणि दुहेरी हवेत. चेनची आतली खोळ असेल तर पन्नास-शंभर रुपये जास्त द्या. धुण्याची पट्टी आहे का बघा आणि या वेळी ती कापू नका. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी, अभ्रा चढवायच्या आधी, काट्यावर तोला आणि आकडा पेनाने त्या पट्टीवरच लिहून ठेवा.